तुपातला क्रॉस

आबा,

तुम्हाला पत्र लिहायची मला धड सवय नाही. तुम्ही पाचगणीला होतात तेव्हा मी अंतर्देशीय आणायचे, वर तीर्थरूप लिहायचे, खाली सगळी खुशाल आहेत एवढं लिहायचे आणि उरलेली जागा तशीच कोरी ठेवून कडा चिकटवून टाकायचे. कोऱ्या जागेत लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते टपालातून पाठवण्यासारखं नव्हतं. आज लिहितेय ते तर मुळीच नाही. मला माझीच लाज वाटतेय आणि ती कुणाजवळ बोलावी असं माणूस घरात एकच आहे. ते म्हणजे आमचे हे, आणि गेल्या रविवारपासून ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलतात.

तुमच्या उजव्या हाताच्या बोटांचे शेंडे फौजेत असताना बर्फात गेले. पेन्शन घेऊन साताऱ्याला आलात आणि नाक्यावर पत्र्याची शेड टाकून मोटारींची कामं घ्यायला लागलात. त्या हाताचं कुणाला काही वाटलं नाही, कारण हातोडा मारायला आणि पाना आवळायला तो दोन माणसांना भारी होता. अडायचा तो बारीक कामाला. आणि मोटारीतलं सगळ्यात बारीक काम म्हणजे क्रॉस. गाडीच्या पोटाखालून गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, गाडी खड्ड्यात वरखाली झाली तरी शाफ्ट फिरता राहावा म्हणून. त्या सांध्यात बेरजेच्या चिन्हासारखा एक पोलादी क्रॉस बसतो, त्याच्या चारी हातांवर टोपणासारखे कप येतात, आणि प्रत्येक कपात कडेनं उभ्या लावलेल्या सुया. शिवायच्या सुया नव्हेत, साध्या पोलादी काड्या, शेवईच्या तुकड्याएवढ्या. कपात ग्रीस चोपडायचं आणि एकेक सुई त्यात उभी करत न्यायची. शेवटची बसली की सगळ्या एकमेकींना धरून राहतात. तुमच्या बोटांना ती सुई कळायचीच नाही. धरली आहे की पडली, हेही बघून ठरवायला लागायचं.

म्हणून तुम्ही कप आणि सुया जेवणाच्या डब्यात घालून घरी आणायचात. मॅट्रिक होऊन मी घरात बसलेली, थोरली, लग्नाची. शेडमध्ये मुलगी दिसणं बरं नव्हे, पण स्वयंपाकघरात मुलगी काय निवडतेय ते कोण बघायला येतं? आई भाकरी थापतेय आणि मी चुलीपासून लांब, खिडकीच्या उजेडात, परातीत कप घेऊन बसलेली. आई म्हणायची, "लोकांच्या पोरी तांदूळ निवडत्यात, आमची लोखंड निवडती." तुम्हाला ते फार आवडायचं. बाजार बंद असेल त्या दिवशी नाका सामसूम असला की तुम्ही मला शेडमध्येही न्यायचात, आणि पुढचं काम तिथं शिकवायचात: कप आत कसा दाबायचा, दुसऱ्या बाजूनं क्रॉस कसा उचलून धरायचा म्हणजे सुया ढासळत नाहीत, आणि शेवटी खाचेत ती चपटी रिंग कशी बसवायची.

एकदा ती रिंग खाचेत जाईना. मी हातोडी उचलली आणि कपावर ठोका घातला. तुम्ही माझं मनगट धरलंत. तसं तुम्ही कधी हात लावायचा नाहीत. "बसत न्हाई म्हंजी आत कायतरी आडवं पडलंय," म्हणालात. "आदी उगड. मग हातोडीला हात लाव." उघडलं तर कपाच्या तळाशी एक सुई आडवी होती आणि माझ्या ठोक्यानं तिचे दोन तुकडे झाले होते. ते तुकडे तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलेत आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. मला रडू आलं ते रागावलात म्हणून नाही. तुम्ही मला हाताखालच्या गड्याला रागवावं तसं रागावलात, मुलीला रागवतात तसं नाही, आणि त्याचा मला कुठंतरी मानही वाटला. दर महिन्याला फौजेच्या कँटीनमधून माझ्यासाठी तांबडा साबण आणि एक नखं घासायचा ब्रश आणायचात. बाकीच्या बहिणींना रिबिनी यायच्या. ब्रश कशाला, हे आपण दोघांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

मग सांगलीचे पाहुणे आले. चैत्र संपत आला होता, ऊन मी म्हणत होतं. विश्रामबागेत बंगला, गावाकडे ऊस, आणि वडिलांच्या वेळची लांब नाकाची काळी विलायती गाडी. सासरे, त्यांची थोरली बहीण म्हणजे आक्का, आणि हे, असे तिघं मला बघायला आले. आई दारात पाणी घेऊन उभी आहे, शेजारच्या बाया खिडक्यांत आहेत, आणि तुम्ही, आबा, पाहुण्यांना रामराम घालायच्या आधी गाडीच्या मागच्या अंगाला वाकून बघताय. गल्लीत वळताना गाडी खट्‌ वाजली ती तुम्ही ओसरीवर ऐकली होती. "मागचा क्रॉस ग्येलाय," तुम्ही म्हणालात. "असाच सांगलीला न्हेला तर वाटंत शाफ्ट खाली यील." सासऱ्यांनी आधी तोंड वाकडं केलं, मग हसले. मुलगी बघायला आलो आणि मुलीच्या बापानं आमची गाडीच बघितली, असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगत. तेवढा भाग खरोखरच गमतीचा होता.

मापाचा क्रॉस शेडमध्ये होता. पोह्यांचा कार्यक्रम झाला, मला बघितलं, चालवून बघितलं, दोन प्रश्न विचारले. मग जेवणाआधी पाहुणे देवदर्शनाला गेले आणि तुम्ही फेटा उतरवून गाडीखाली शिरलात. शाफ्ट खाली घेतलात, जुना क्रॉस ठोकून काढलात, नवा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलात. आई आडवी उभी राहिली. दोन दिवस तिनं माझे हात डाळीच्या पिठानं आणि लिंबानं घासले होते. नखांच्या कडांतली काळी रेघ जायला तिला काय यातायात पडली होती ते तिलाच ठाऊक. "आज नगं," ती म्हणाली. "सुपारी फुटायची हाय अजून. वटी भरताना आक्काबाई हात बघणार. काळं हात बगून ती काय म्हणंल?" तुम्ही आपली बोटं बघितलीत. मग आईच म्हणाली, सुया चिकटवायलाच लागतंय ना ग्रीस, मग तूप लावा की. तूपबी चिकटतंय.

माठाखालच्या ओल्या वाळूत तुपाचं भांडं पुरलेलं असायचं, उन्हाळ्यात पातळ होऊ नये म्हणून. आईनं ते काढलं. मी म्हणाले, "आबा, तूप ऱ्हायचं न्हाई. ऊन लागलं की पानी हुतंय त्याचं." हे मी म्हणाले होते, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तुपाच्या भांड्यात वाकून बघितलंत. मग म्हणालात, "तास-दोन तास ऱ्हायलं तरी बास. जाताना गननं ग्रीस मारतो. क्रॉसच्या मदी निपलचं भोक हाय, त्यातनं ग्रीस आत ग्येलं की समदं तूप भाईर येतंय. तुजं हात ऱ्हाऊ देत चांगलं." आणि मी नव्या साडीवर आईचं जुनं लुगडं गुंडाळून बसले आणि म्हशीच्या कणीदार तुपात सुया उभ्या केल्या. कप दाबताना परसात भिंतीआड क्रॉस उचलून धरायलाही मीच होते. रिंगा चारी खाचांत पहिल्या फटक्यात बसल्या. काम चोख होतं, आबा. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. तुमच्या तोंडून शाबासकी कधी निघाली नाही, ती तेवढीच असायची. घरभर लाडू वळल्यासारखा वास सुटला होता आणि माझे हात पांढरेस्वच्छ होते.

दुपारी सुपारी फुटली. आक्कांनी ओटी भरताना माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि "नाजूक हायत" म्हणाल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन उतरणीला लागलं तसे पाहुणे निघाले. गन शेडमध्ये होती, ती तुम्ही निरोप धाडून मागवली होती आणि ती तेव्हाच कुठं येऊन पोचली होती. कपाळाला नाम, डोक्याला फेटा, अंगात पांढरा शर्ट, हातात ग्रीसची गन, असे तुम्ही गाडीशी वाकलात. आणि सासऱ्यांनी तुमचा दंड धरला. "अहो, हे काय! आता तुम्ही आमचे व्याही." आक्का तर गाडीतून उतरल्याच. "आवं, व्याह्याला गाडीखाली घालून आमी सांगलीला गेलो तर लोक आमच्या तोंडात शेण घालत्याल की वं." तुम्ही म्हणालात, "दोनच मिंटं. ग्रीस ऱ्हायलंय." आक्कांनी गन तुमच्या हातातून घेतली आणि कट्ट्यावर ठेवली. सासरे म्हणाले, गाडीची काळजी पुरे, आता पोरीच्या लग्नाची करा. सगळे हसले. त्या मानपानात वाकडं काही नव्हतं, लोक चांगले होते, म्हणूनच बोलायला जागा राहिली नाही. आत तूप आहे हे तुम्ही कसं सांगणार? सांगितलं असतं तर तूप का, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मी होते.

तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलंत. मी गजांमागून मान हलवत होते, नाही, नाही, जाऊ देऊ नका. आईनं माझा पदर मुठीत धरला होता. सुपारी फुटलेल्या मुलीनं पाहुण्यांच्या गाडीसमोर जाऊन काय सांगायचं असतं? तुम्ही हात जोडलेत. "सावकाश जावा," म्हणालात. "वाटंत कुटं पंप लागला तर जरा..." पण तोवर इंजिन चालू झालं होतं.

कऱ्हाडच्या पुढे आवाज सुरू झाला. आधी चीं चीं, मग खडखड, आणि पेठ नाक्याच्या अलीकडे शाफ्टचं मागचं टोक सुटून रस्त्यावर आपटलं. कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण ती रुबाबदार गाडी उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून सांगलीत आली, आणि आक्का ट्रॉलीत पाचटावर बसून आल्या. तिथल्या मिस्त्रीनं उरलेला कप हातात घेतला, नाकाशी नेला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला, "आयला, ह्यात तूप हाय!"

त्यांनी सोयरीक मोडली नाही. शब्द दिला होता, आणि सासरे शब्दाचे होते. मी त्या घरात गेले आणि गोष्ट माझ्या आधी तिथं जाऊन बसलेली होती. सणावाराला, हळदीकुंकवाला, कुणी नवं माणूस आलं की आक्का सुरू व्हायच्या: आमच्या व्याह्यानं क्रॉस तुपात तळला. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे आणि हसायचे. सुनेला हसावंच लागतं, नाहीतर माहेरचा राग धरते म्हणतात. पहिल्या वर्षीच मी यांना सगळं सांगितलं, सुया कुणी लावल्या आणि तूप का लावलं. त्यांनी उठून खोलीचं दार लावलं. मग म्हणाले, आक्काला कळू देऊ नकोस, ती म्हणेल मिस्त्रीकाम करणारी मुलगी आमच्या गळ्यात बांधली. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. ते मला सांभाळत होते. तुम्हीही मला सांभाळलंत, आईनंही. सगळ्यांनी मिळून मला इतकं सांभाळलं की किंमत तेवढी तुमच्या एकट्याकडून गेली.

कारण साताऱ्यात गोष्ट पोचायला काय वेळ लागतो? ट्रकवाले शेडसमोर गाडी हळू करून ओरडायचे, "मिस्त्री, तूप म्हशीचं का गाईचं?" हसणारे हसले तरी एक वेळ चालतं. पण हसलेली माणसं ब्रेकचं काम दुसरीकडे न्यायला लागली, मग स्टिअरिंगचं, मग सगळंच. ज्या माणसानं फौजेच्या गाड्या बर्फातून चालत्या ठेवल्या, त्याच्याकडे टायरसुद्धा काढायला कुणी येईना. शेड गेली. तुम्ही पाचगणीला एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागलात. बस दुरुस्त करायला खालून, वाईहून, दुसरा मिस्त्री यायचा आणि तुम्ही बाजूला उभे राहून त्याला पाने द्यायचात. हे मला आईनं सांगितलं, तुम्ही नाही.

माझ्या पहिल्या मुलाच्या बारशाला तुम्ही आलात. जेवणं झाली, बैठकीत पुरुष आणि वयस्कर बाया बसल्या होत्या, आणि कुणीतरी म्हणालं, आता खुद्द व्याहीच आहेत, त्यांच्याच तोंडून ऐकू या. मी आतल्या खोलीत बाळाला घेऊन पडले होते, दारातून बैठक दिसत होती. मला वाटलं तुम्ही उठून जाल. तुम्ही सांगितलंत, आबा. आक्कांपेक्षा रंगवून सांगितलंत. फौजेतला शहाणा मी, ग्रीस संपलं म्हणून बायकोचं तूप पळवलं, असं सांगितलंत. आई चुलीपाशी लाटणं घेऊन मागे लागली असं सांगितलंत, जे झालंच नव्हतं. लोक लोळले. आक्का डोळे पुसत "आवं बास, बास" म्हणत होत्या. सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसत होतात. नंतर तुम्ही परसात हात धुवायला आलात तेव्हा मी विचारलं, "आबा, असं का सांगितलं?" तुम्ही नळाखालून हात काढला नाहीत. म्हणालात, "आगं, हसत्यात तवर बरं हाय. हसणारा इचारत न्हाई." मग माझ्या हातांकडे बघितलंत आणि म्हणालात, "बाळंतपणात हात चांगलं झालं तुजं."

लाजेला रंग असता तर माझी त्या दिवशी पांढरी असती. तुम्ही गेलात पाचगणीलाच, पाऊस उघडत असताना. दहाव्याला घाटावरसुद्धा दोन माणसं तुपाचं बोलून हळूच हसली, आणि मी ओळखीची म्हणून त्यांच्याकडे बघून मान डोलावली.

आता आक्का नाहीत, सासरे नाहीत, आई नाही. ज्यांच्यापासून लपवायचं ती सगळी माणसं संपली. गाडी मात्र आहे. माझा पुतण्या तिच्या मागे लागलाय, जुन्या गाड्यांची हौस असलेली पोरं जमतात आमच्या आवारात. त्यानं कुठून तरी नवे क्रॉस मागवलेत, सुया आधीच लावलेले, आणि गेल्या रविवारी तो आणि त्याचे मित्र शाफ्ट काढून बसले होते. मी चहा घेऊन गेले. हे व्हरांड्यात खुर्चीवर होते. पुतण्या म्हणाला, "काकू, ती तुपाची गोष्ट सांग ना. यांना खोटी वाटतेय. तुझ्या आबांनी खरंच तूप घातलं होतं?" एका मुलानं मोबाइल समोर धरला. यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ बघितलं की मला कळलं, ते काय ऐकायला थांबलेत. त्यांना आता हरकत नव्हती. कुणालाच नव्हती. पोरं तर ऐकून खूशच झाली असती, काकू मिस्त्री होती म्हणून. आजकाल त्याचं कौतुकच होतं.

मी जुनीच सांगितली. तुमचा आवाज काढून सांगितली. फौजेतला शहाणा, बायकोचं तूप, लाटणं घेऊन मागे लागलेली आई, सगळं. तुम्ही जिथं थांबलात तिथं थांबले, जिथं डोळे मोठे केलेत तिथं केले. बारशाला आत खोलीत पडून एकदाच ऐकलेली, तरी ती मला तुमच्यासारखीच येत होती. पोरं पोट धरून हसली. हे उठले आणि खुर्ची तशीच सोडून आत गेले. मी त्यांना जाताना बघितलं आणि थांबले नाही.

का, ते मी स्वतःला विचारतेय. कुणाची भीती नव्हती, कुणी पदर धरला नव्हता. खरं एवढंच की समोर तरुण चेहरे होते, ते हसत होते, आणि आबा, मला बरं वाटत होतं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून पुढचंही लिहून टाकते. गोष्ट संपल्यावर मागून एक मुलगा उशिरा आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला, तेव्हा पुतण्या त्याला थोडक्यात सांगत होता. मी म्हटलं, थांब, तुला नीट येत नाही, आणि मीच पुन्हा पहिल्यापासून सांगितली.